हरवलेल्या माणसांचं चॅनल

"तुमी त्या मेलेल्यांच्या बातम्या वाचायच्या ना?"

लालबागच्या बाजारात बांगडे पिशवीत टाकता टाकता एका कोळिणीने मला विचारलं, आणि शेजारच्या दोन गिऱ्हाईक बायका किंचित मागे सरकल्या. मी हो म्हटलं. खोटं कशाला बोला? मेलेल्यांच्या बातम्या मी वाचायचेच. पाणी कधी येणार, कोणाचा लेक दहावीला पहिला आला, कबड्डीची फायनल कुठल्या मैदानात आहे, हेही मीच वाचायचे. पण लोकांच्या लक्षात राहिले ते मेलेले.

आमचं चॅनल म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. घरोघरी केबल आली तेव्हा आमच्या भागात ती वायर या गच्चीवरून त्या गच्चीवर नेली दत्ताशेठनी. सगळी मोठी चॅनलं त्यांच्या कंट्रोल रूममधून घरात जायची, आणि मध्ये एखादी जागा मोकळी राहायची. त्या जागेवर दत्ताशेठनी स्वतःचं चॅनल घातलं. लालबाग, परळ, डिलाईल रोड, काळाचौकीचा थोडा भाग आणि रे रोडकडचा एक तुकडा, एवढंच आमचं जग. दादरच्या माणसाने आमचं नावही ऐकलेलं नसायचं.

मी तेव्हा बालवाडीत शिकवत होते. "बाईंचा आवाज खणखणीत आहे, पोरं घाबरतात," एवढ्या शिफारशीवर मला निवेदिका केलं. स्टुडिओ स्टेशनरीच्या दुकानावरच्या पोटमाळ्यावर. मागे निळा पडदा, समोर टेबल, टेबलावर प्लॅस्टिकची फुलं. पंखा लावला की आवाजात घरघर यायची, म्हणून बातम्यांच्या वेळी पंखा बंद. मे महिन्यात मी पाण्याच्या बादलीत पाय सोडून बातम्या वाचल्यात. घरी बसलेल्यांना फक्त पदर आणि टिकली दिसायची. कॅमेऱ्यामागे मिलिंद. तो डिलाईल रोडच्या चाळीत वाढला, जयंतीच्या मिरवणुकीचं, लग्नांचं शूटिंग करत कॅमेरा शिकला आणि पुढे आमच्याकडे सगळंच करू लागला. टाय सुटलेला नवरामुलगा असो की सुटलेली वायर, मिलिंद दोन्ही बांधून द्यायचा.

गिऱ्हाइकं एकेक असायची. एका चाळीत दोन अनंत सावंत राहत होते. त्यातले एक गेले. निरोप आणणाऱ्याने खोली नंबर चुकीचा सांगितला आणि मी भलत्याच सावंतांचं निधन वाचलं. तासाभरात ते पोटमाळ्याचा जिना चढून आले. अंगात बनियन, हातात छत्री.

"बाई, मी गेलो म्हणून तुम्ही सांगितलंत. माझी बहीण डोंबिवलीहून निघालीय रडत."

मी माफी मागितली.

"ते ठीक. मी जिवंत आहे हे कधी सांगणार?"

"संध्याकाळच्या बातम्यांत सांगते."

"मग तोपर्यंत घरी जाऊ की नको?"

मिलिंदने त्यांना तिथेच कॅमेऱ्यासमोर बसवलं. त्यांनी छत्री बाजूला ठेवली, केस चापून बसवले, मिलिंदचा शर्ट मागून घेऊन अंगात घातला आणि म्हणाले, "मी अनंत सावंत. मी आहे." बस, एवढंच. इतकी नेमकी बातमी आमच्या चॅनलवर पुन्हा आली नाही. बऱ्याच वर्षांनी ते खरोखर गेले तेव्हा मी बातमी वाचली आणि स्टुडिओचा फोन वाजत राहिला. प्रत्येकाचा एकच प्रश्न, "नक्की ना?"

पण या कामात मला स्वतःला जिव्हाळा होता तो हरवलेल्या माणसांच्या निवेदनांचा. ते करता करता मी एक शिकले. घरचे फोटो आणायचे तो कोणाच्या तरी लग्नातला, फेटा बांधलेला, दहा वर्षं जुना. त्या फोटोवरून कोणी ओळखत नाही. म्हणून मी घरच्यांना खोदून विचारायचे. चालतात कसे? हातात काय असतं? कोणी हटकलं तर काय बोलतील? माणूस रस्त्यात ओळखू येतो तो त्याच्या चालीवरून आणि बोलण्यावरून.

परबतात्यांना मी अशीच ओळखू लागले. आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. मालवणकडचे, गिरणीत आयुष्य गेलेलं, बायको वारलेली. मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणजे वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात तात्या, सून सुजाता आणि शाळकरी नात. तात्यांना विसरायला होऊ लागलं ते आधी नावं, मग दिवस, मग घर. पहिल्यांदा हरवले तेव्हा सुजाता स्टुडिओत आली, ती नीट बोलूही शकत नव्हती.

मी विचारलं, "कोणी थांबवलं तर काय म्हणतील?"

तिने डोळे पुसले. "समोरच्याला विचारतात, जेवलंस? अनोळखी माणसालासुद्धा."

मी तेच सांगितलं. पांढरा लेंगा, उजवा पाय किंचित ओढतात, आणि तुम्ही कोणीही असा, ते तुम्हाला 'जेवलंस काय?' असं विचारतील. रे रोडला लाकडाच्या वखारीजवळ एका बाईने टीव्हीवर हे ऐकलं, दारात जाऊन पाहिलं, तर समोरच्या ओंडक्यावर तात्या बसलेले. ती फोनवर मला म्हणाली, "ताई, मला विचारलं त्यांनी. मी म्हटलं नाही जेवले, तर ते रागावले."

दुसऱ्यांदाही तसेच सापडले, परळला.

मग बॉक्स आले. घरोघरी सेट टॉप बॉक्स बसला आणि आमचं चॅनल नऊशे कितव्या तरी नंबरवर जाऊन पडलं. पूर्वी बटण दाबत दाबत माणूस आपसूक आमच्यापर्यंत यायचा. आता यायचं तर नंबर पाठ हवा. दत्ताशेठचे गुडघे गेले होते, मुलाला या धंद्यात रस नव्हता. एका मोठ्या केबल कंपनीने वायरी, गच्च्या, गिऱ्हाइकं, सगळं घेतलं. मी दत्ताशेठना दोष देत नाही. सही करून आले त्या दिवशी ते पोटमाळ्याच्या पहिल्या पायरीवर बसून राहिले, वर आलेच नाहीत. "बाई, ते लोक म्हणतात, चॅनल ठेवू. फक्त गाणी लावू," एवढं मात्र सांगितलं.

फक्त गाणी म्हणजे चोवीस तास हिंदी सिनेमाची गाणी, हार्ड डिस्कवरून. माणूस लागत नाही. फुलं लागत नाहीत, बादली लागत नाही.

शेवटच्या दिवशी मिलिंद म्हणाला, "ताई, निरोपाचं काहीतरी बोला." मी चार ओळी लिहूनही आणल्या होत्या. पण ऐन वेळी पालिकेचा निरोप आला, उद्या पाणी येणार नाही. निरोपाचं भाषण महत्त्वाचं की पाणी? मी पाण्याची सूचना वाचली. "नागरिकांनी पाणी भरून ठेवावे," हे आमच्या चॅनलचं शेवटचं वाक्य. त्यानंतर एक नटी बर्फात नाचू लागली.

मिलिंदला कंपनीने तंत्रज्ञ म्हणून घेतलं. मी घरी बसले. लोक रस्त्यात थांबवून सांगायचे, "ताई, आमची आई गेली, पण कोणाला कळलंच नाही." मीही माझ्या घरी तीच गाणी बघत होते.

आणि एके दिवशी दुपारी सुजाता माझ्या दारात उभी. पायात चपला नव्हत्या.

"ताई, तात्या सकाळपासून नाहीत."

मी तिला आत घेतलं, पाणी दिलं. पोलीस स्टेशनला ती जाऊन आली होती. तिथल्या हवालदारांनी आपुलकीने लिहून घेतलं होतं, बीटवरच्या शिपायांना कळवलंही होतं. व्हॉट्सॲपवर तिने फोटो टाकला होता. पण तिथे एक भलताच घोळ झाला. मागच्या वेळी तात्या सापडले तेव्हा कोणीतरी 'परबतात्या सुखरूप सापडले, सर्वांचे आभार' असा मेसेज फिरवला होता. तो जुना मेसेज पुन्हा फिरू लागला. लोकांनी शोधणं थांबवलं आणि सुजाताला हात जोडलेली चित्रं पाठवायला सुरुवात केली.

तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. "बघा ना, सगळे अभिनंदन करतायत. मी किती जणांना सांगू, नाही सापडले म्हणून?" आणि मग हळूच म्हणाली, "साखरेची गोळी चुकलीय त्यांची. सकाळपासून पोटात काही आहे की नाही, देव जाणे."

तिचा नवरा बोटीवर. त्याला अजून कळवलं नव्हतं. "काय कळवू? तुमचे बाबा माझ्याकडून हरवले?" असं म्हणून ती रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. माझ्याकडे तेव्हा ना कॅमेरा, ना वायर. नुसता खणखणीत आवाज, आणि ऐकायला ती एकटी.

मी मिलिंदला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, इकडे या. राघवन साहेबांशी बोलू. माणूस वाईट नाहीये."

लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत कंपनीचं ऑफिस. राघवन तिथले मॅनेजर. आमच्या चॅनलवर गाणी लावण्याचा हुकूम ज्यांच्या सहीने आला ते हेच, त्यामुळे मी मनात थोडा राग घेऊनच गेले. समोर निघाले चाळिशीचे, चष्मा लावलेले, दमलेले गृहस्थ. माटुंग्यात वाढलेले, मराठी चांगलं बोलायचे.

"मॅडम, गाण्याच्या खाली एक पट्टी सोडू शकतो मी," ते म्हणाले. "नाव, फोटो, नंबर."

मी म्हटलं, "ती पट्टी तुम्ही स्वतः कधी वाचलीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग खरं ते बोलले. "नाही."

मिलिंद दाराशी उभा होता. तो म्हणाला, "सर, लँडिंगवर टाकलं तर?"

लँडिंग म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. घरातला बॉक्स चालू केला की सगळ्यात आधी जे चॅनल आपोआप दिसतं ते. नंबर पाठ असो नसो, दिसतंच. साहजिकच ती जागा जाहिरातवाल्यांनी घेतलेली असते. तिथे दुसरं काही लावायचं म्हणजे वरून परवानगी हवी.

राघवननी वर फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. दुसरीकडे लावला. तिथूनही तेच. मग त्यांनी सुजाताकडे पाहिलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, अनवाणी पाय आत ओढून घेत.

"काय वय तुमच्या सासऱ्यांचं?" त्यांनी विचारलं.

"ऐंशीच्या पुढे."

"माझे वडील पण असेच निघून जायचे," ते म्हणाले. उठून त्यांनी खोलीतला एसी बंद केला. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो म्हणून एसी बंद करतात हे माहीत असलेला माणूस, असं वाटून माझा अर्धा राग तिथेच गेला.

मिलिंदने मोबाईल पुढे धरला. फोटोवर माझा आवाज बसवायचा होता. मी घसा साफ केला आणि पहिल्या वाक्यालाच अडखळले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मिलिंद म्हणाला, "ताई, सावकाश. लाईव्ह नाहीये."

दुसऱ्यांदा नीट झालं. परबतात्या. पांढरा लेंगा, निळा शर्ट, उजवा पाय ओढतात. साखरेची गोळी चुकली आहे, सकाळपासून उपाशी असतील, कृपया काही खायला द्या. ते तुम्हाला विचारतील, जेवलंस काय?

मिलिंदने फोटोखाली माझा मोबाईल नंबर टाकला आणि फाईल चढवली. भिंतीवरच्या टीव्हीत साबणाची जाहिरात थांबली आणि तात्या आले. पाठोपाठ माझा आवाज. राघवन हाताची घडी घालून बघत उभे होते. जाहिरातवाल्यांचा फोन यायला वेळ लागला नाही. त्यांनी तो घेतला आणि शांतपणे "टेक्निकल प्रॉब्लेम आहे, बघतो" असं सांगितलं. पुढे त्यांना याचा जाब द्यावा लागला, काही काळ दुसऱ्या खात्यात बसवलं, हे मला मिलिंदकडून कळलं. राघवननी स्वतः कधी सांगितलं नाही.

फोन येत राहिले. पहिले काही तर भलतेच होते. "ताई, तुम्ही परत चालू झालात?" "ताई, आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाचं सांगाल का?" एका आजींनी नुसतं "बरं वाटलं आवाज ऐकून" म्हणून फोन ठेवला. सुजाता प्रत्येक फोनला उठून उभी राहायची आणि पुन्हा बसायची.

मग एका बाईचा फोन आला. मागे भांड्यांचा आवाज. "अहो, मी ठाकूरद्वारहून बोलते. माझी खानावळ आहे. तुमचे आजोबा इथे आहेत. मला केव्हाचं विचारतायत, जेवलंस काय म्हणून. मी म्हटलं, एवढ्या लोकांचं झाल्याशिवाय मी कशी जेवू?"

सुजाताने फोन माझ्या हातातून ओढूनच घेतला. "जेवले का ते? गोड नका हं देऊ!"

आम्ही टॅक्सी केली. सुजाता वाटभर खिडकीची काच धरून बसली होती. माझ्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. ठाकूरद्वार आमच्या वायरीच्या टप्प्यात कधीच नव्हतं. आमचं चॅनल चालू असतं, मी बादलीत पाय घालून घसा फोडून सांगितलं असतं, तरी त्या खानावळीत काही दिसलं नसतं. ज्या कंपनीने आम्हाला बंद केलं तिच्याच वायरीने तात्या सापडले. हे गिळायला मला जरा वेळ लागला. आजही पुरतं गिळलेलं नाही. कारण उद्या दुसरा कोणी हरवला तर जाहिरात थांबवायला तिथे राघवन असतील की नाही, हे कोण सांगणार?

खानावळ एका वाडीच्या तोंडाशी होती. दुपारची गर्दी ओसरलेली. बाई पन्नाशीच्या, पदर कमरेला खोचलेला. "या, या. आत आहेत. आमटीभात दिलाय, नीट जेवलेत."

मागच्या खोलीत फरशीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मेथीच्या जुड्यांचा ढीग, आणि ढिगासमोर तात्या मांडी घालून बसलेले. पान खुडायचं, देठ बाजूला, पान टोपलीत. हात सराईत चालले होते.

"मी नाही हो बसवलं कामाला," बाई घाईने म्हणाल्या. "मी नको नको म्हणत होते. स्वतःच बसले."

सुजाता त्यांच्यासमोर खाली बसली. "तात्या, घराक जावया ना?"

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. ओळखलं असं वाटलं नाही. "ह्यां संपल्याबगर मी उठूचंय नाय," ते म्हणाले. "मालक ओरडात."

"खयचो मालक, तात्या?"

"पयल्यांदा मुंबयत इलंय तेवा हयसरच होतंय नाय मी? गिरणी मागसून." आणि पुन्हा पान खुडायला लागले.

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. "गिरणीच्या आधी हे खानावळीत होते, मला माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "कोणीच नाही सांगितलं कधी. घरात यांनी कधी एक काडी उचलली नाही. मला वाटायचं, येतच नाही यांना काही."

ती खानावळ तीच होती की तात्यांच्या डोक्यातली दुसरीच कुठली, कोणाला ठाऊक. बाई म्हणाल्या, माझ्या सासऱ्यांच्या काळात असेलही, तेव्हाची माणसं आता कोण उरलंय सांगायला.

सुजाताने पर्समधून गोळी काढून त्यांना दिली. त्यांनी निमूट घेतली. मग तिने एक जुडी स्वतःकडे ओढली आणि निवडायला लागली. तात्यांनी तिच्या हातातली काडी घेतली, "देठ इतको लांब ठेवू नको गो," म्हणून कसं खुडायचं ते करून दाखवलं. ती "हां तात्या" म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला तिथे मेथीवर आलं. तात्या तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सकाळधरना काय खावक नाय वाटता हिना." बाई आत जाऊन सुजातासाठी ताट वाढायला लागल्या.

मीही खाली बसले. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. राघवन.

"मॅडम, भेटले का?"

"भेटले."

"बरे आहेत?"

"बरे आहेत. जेवलेत."

मागे ऑफिसातले आवाज येत होते, साबणाची जाहिरात पुन्हा सुरू झालेली ऐकू येत होती. "काय करतायत?" त्यांनी विचारलं.

"मेथी निवडतायत," मी म्हटलं.

"निवडू द्या," राघवन म्हणाले. "घाई नका करू."